हद्दीपलीकडचा कचरा

श्रावणातल्या एका मंगळवारी सकाळची वेळ संपत आली असताना एक बाई दवाखान्यात आल्या. वय चाळिशीच्या आसपास, पायांत रबरी चपला, साडीवर नारिंगी जाकीट. डाव्या तर्जनीला चिंधी गुंडाळलेली आणि उजव्या हातात वर्तमानपत्राची पुडी. पुडीत जेमतेम चार मिलिमीटर लांबीची, इन्सुलिनच्या पेनाला लावायची सुई होती. माथेरान रस्त्यावरच्या एका ग्रामपंचायतीच्या घंटागाडीवर त्या काम करीत होत्या. पिशवी उचलताना सुई बोटात घुसली होती. त्यांनी बोट दाबून दाबून रक्त काढले होते आणि वर हळद भरली होती.

या दोन्ही गोष्टी करू नयेत. सुई टोचली की बोट पिळू नये, चोखू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने स्वच्छ धुवावे आणि तडक डॉक्टरांकडे जावे. एच.आय.व्ही.ची प्रतिबंधक औषधे लागणार असतील तर ती पहिल्या दोन तासांत सुरू होणे उत्तम; ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग राहत नाही. बाधित सुईतून एच.आय.व्ही. होण्याची शक्यता तीनशेत एक इतकी अल्प असते. अशा प्रसंगी खरी भीती कावीळ ब ची, कारण तिचा विषाणू शरीराबाहेरही सात दिवस तग धरतो. बाईंनी कावीळ ब ची लस कधीच घेतलेली नव्हती. मी जखम धुतली, धनुर्वाताचे इंजेक्शन दिले, चिठ्ठी लिहून त्यांना सरकारी रुग्णालयात पाठवले आणि हात धुऊन खुर्चीत बसलो.

त्या रस्त्यावर इन्सुलिन घेणारे माझे अकरा रुग्ण आहेत. इन्सुलिन कुठे टोचायचे, बेंबीपासून किती बोटे दूर, जागा रोज का बदलायची, पेन फ्रीजच्या कोणत्या कप्प्यात ठेवायचे, हे सारे मी त्या प्रत्येकाला शिकवले होते. टोचून झाल्यावर सुई कुठे टाकायची, हे पंचवीस वर्षांच्या व्यवसायात मी एकालाही सांगितलेले नव्हते.

पुढच्या रविवारी स्कूटर काढून मी त्या रस्त्याला लागलो.

पनवेल हे जुने गाव आहे. येथील नगरपालिका १८५२ सालची. वडाळे आणि कृष्णाळे ही तळी, त्यांच्या भोवतीची वस्ती, बंदराच्या दिवसांतली बाजारपेठ असा त्या जुन्या शहराचा आटोपशीर संसार होता. १ ऑक्टोबर २०१६ रोजी महानगरपालिका झाली आणि खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल या सिडकोच्या वसाहती तिच्यात आल्या. नकाशावर कुठेतरी रेघ ओढावीच लागते. ती रेघ नवीन पनवेलच्या पलीकडे थांबली आणि सुकापूर, विचुंबे, उसर्ली, देवद, आकुर्ली ही गावे रेघेबाहेर, आपापल्या ग्रामपंचायतींकडे राहिली.

गावे म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर कौलारू घरे येतात. माथेरान रस्त्याने जाताना दिसतात त्या पाच-सात मजली इमारती, औषधांची दुकाने, 'टू बी.एच.के. तयार' असे फलक. हा पट्टा २०१३ साली 'नैना' या नावाने नियोजनाखाली आला. इमारतीचा नकाशा मंजूर करणारे कार्यालय एक आणि त्या इमारतीचा कचरा उचलण्याचे कर्तव्य असलेले कार्यालय दुसरे, अशी येथील व्यवस्था आहे. राहायला आलेल्यांत माझ्या वयाची आणि माझ्याहून वडील माणसे पुष्कळ. लालबाग-परळची खोली विकून आलेले, मुलाच्या नोकरीमागे आलेले, निवृत्तीच्या पैशांत शांत जागा शोधत आलेले. हवा चांगली, खिडकीतून प्रबळगड दिसतो, स्टेशन रिक्षाच्या अंतरावर. जागा घेताना पाणी, लिफ्ट, वीज यांची चौकशी सगळे करतात. कचरा कोण नेतो हे विचारलेला माणूस मला अजून भेटायचा आहे. मी स्वतःही विचारले नसते.

हद्द संपल्याचे कळायला फलकाची गरज पडत नाही. रस्त्याच्या कडेला मोरीजवळ पहिला ढीग दिसतो. मग वळणावर दुसरा. पावसाने भिजलेल्या पिशव्या, शहाळ्यांच्या कवट्या, गादीचा कापूस, कुत्र्यांनी फाडलेले डायपर. डायपरच्या आतला तो पांढरा लगदा पावसात फुगतो आणि पाण्याबरोबर गटारात उतरतो. शहाळ्यांत साचलेले पाणी मात्र स्वच्छ असते आणि डेंग्यूच्या डासाला असेच पाणी लागते. ढिगाला उंदीर येतात, उंदरांचे मूत्र चिखलात मिसळते आणि पायाला भेग असलेला माणूस त्यातून चालत गेला की आठवड्याभरात ताप, लाल डोळे आणि पोटऱ्यांत कळा घेऊन दवाखान्यात येतो. लेप्टोस्पायरोसिसचे हे चित्र कोकणात व्यवसाय करणाऱ्या कोणाही डॉक्टरला पाठ असते. ज्या घरात मधुमेही ज्येष्ठ आहेत आणि ज्यांच्या तळपायांची संवेदना गेलेली आहे, त्यांनी पावसाळ्यात अशा रस्त्याने उघड्या चपलेने जाऊ नये. घरी आल्यावर पाय धुऊन, पुसून, उजेडात तपासावेत.

पहिली भेट एका निवृत्त गृहस्थांकडे होती. त्यांना दम्यासारखा जुनाट विकार आहे. तिसऱ्या मजल्यावरची खिडकी बंद, पंखा चालू. "संध्याकाळी सात वाजले की धूर येतो, डॉक्टर. कोण पेटवतं ते कळत नाही." खाली पाहिले तर मोकळ्या भूखंडाच्या कोपऱ्यात काळे वर्तुळ होते. गाडी चार दिवस आली नाही की कोणीतरी काडी लावतो, ढीग बसतो आणि रस्ता स्वच्छ झाल्यासारखा दिसतो. प्लास्टिक, रेक्झिन, ओला कचरा अर्धवट जळत रात्रभर धुमसत राहतो. त्या धुरातले बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. गेल्या वर्षभरात त्यांना दोनदा रुग्णालयात ठेवावे लागले होते आणि दोन्ही वेळा मी पंपाची मात्रा वाढवली होती. उघड्यावर कचरा जाळण्यास राष्ट्रीय हरित लवादाने २२ डिसेंबर २०१६ रोजी देशभर मनाई केली. साध्या प्रकरणी पाच हजार आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास पंचवीस हजार रुपये दंड सांगितला. त्या काळ्या वर्तुळाशेजारी उभे राहिले की हा दंड कोणाकडून आणि कोणी घ्यायचा, हा प्रश्न पडतो.

दुसरी भेट ज्यांच्याकडे होती त्या काकू सत्तरीच्या आहेत. काकांना पक्षाघात होऊन तीन वर्षे झाली. उजवी बाजू गेलेली, वाचा अर्धवट. मुलगा पुण्याला. घर इतके नेटके की पलंगाखालीसुद्धा धूळ नाही. काकांच्या पाठीला तीन वर्षांत एकदाही जखम झालेली नाही. शुश्रूषा म्हणजे काय हे ज्याला पाहायचे असेल त्याने या घरी यावे.

तपासून झाल्यावर मी सहज विचारले, "काकू, डायपर कुठे टाकता?"

त्या काही बोलल्या नाहीत. चहा गाळला, कप पुढे केला, मग म्हणाल्या, "तुम्ही रागावाल."

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला दिवसाला तीन-चार डायपर लागतात, महिन्याला शंभर. ओला डायपर वजनालाही भारी असतो. सुरुवातीला त्या इमारतीच्या पिंपात टाकत. कुत्री पिंप पाडू लागली, तेव्हा सोसायटीत बोलणे झाले. एका सभासदाने जिन्यात ऐकवले की तुमच्या घरच्या घाणीने सगळ्यांचे नाव जाते. घंटागाडीवाल्याने पिशवी उघडून पाहिली आणि परत दिली. त्या दिवसापासून काकू पहाटे पाच वाजता, काका झोपेत असताना, दाराला बाहेरून कडी लावून, दोन पिशव्या घेऊन गाढीच्या पुलापर्यंत चालत जात होत्या.

"नदीत टाकताना रोज हात जोडते," त्या म्हणाल्या. "दुसरं काय करू?"

सत्तर वर्षांची बाई पावसाळ्यात, अंधारात, ओल्या पुलावर. वरच्या अंगाला आजारी माणूस एकटा, दार बंद. माझ्या डोळ्यांपुढे काही क्षण फक्त खुब्याच्या हाडाची चित्रे आली. त्यांच्यावर रागावणे मला शक्यच नव्हते.

मी विचारले म्हणून त्यांनी कपाटातून कागदांची पिशवी काढली. घरपट्टीची पावती नीट घडी करून ठेवलेली होती. घर कर, दिवाबत्ती कर, पाणीपट्टी आणि त्यांच्यामध्ये एक रकाना: आरोग्य कर. नाव वाचून डॉक्टरला आधी बरे वाटले, मग आकडा पाहिला. महिन्याचा हिशेब केला तर तो एका डायपरच्या किमतीएवढाही भरत नव्हता.

नियम काय म्हणतात हे मी त्यानंतर वाचून काढले. १९९६ साली अलमित्रा पटेल या बाईंनी सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली आणि तिच्यातून २००० साली देशातले कचऱ्याचे पहिले सविस्तर नियम आले. पण ते महापालिका-नगरपालिकांपुरते होते. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ही कक्षा वाढवली. शहरालगत वाढलेल्या वस्त्या आणि जनगणनेत शहर म्हणून मोजली गेलेली गावे त्यांत आली आणि अशा ठिकाणच्या ग्रामपंचायतींवर जवळजवळ नगरपालिकेचीच कर्तव्ये पडली. घराघरांतून कचरा गोळा करणे हे त्यांपैकी पहिले. या २०१६ च्या नियमांत 'सॅनिटरी कचरा' अशी वेगळी व्याख्या होती आणि तिच्यात वापरलेले डायपर, अंथरुणाखालची शोषक कापडे स्पष्ट नमूद होती. 'घातक घरगुती कचरा' या व्याख्येत मुदत संपलेली औषधे, पाऱ्याचे फुटलेले थर्मामीटर, वापरलेल्या सुया आणि जखमेचे कापसाचे बोळे होते. म्हणजे काकूंच्या आणि माझ्या अकरा रुग्णांच्या घरातला कचरा नियम करणाऱ्यांना ठाऊक होता. त्याच नियमांत आपल्यासाठीही आज्ञा होती: कचरा तीन भागांत वेगळा करून द्यावा, तो रस्त्यावर वा नाल्यात टाकू नये, जाळू नये, पुरू नये आणि ठरलेले शुल्क भरावे.

पंचायतीची बाजूही ऐकायला हवी म्हणून एका सदस्यांना भेटलो. ते जुने गावकरी, शेतीच्या जागी आता इमारती. त्यांनी हात वर करून नेऱ्याच्या दिशेने फिरवला आणि म्हणाले, "गाडी हाय डाक्तर, मानसं पन हायत. उचलतो. पन टाकाचा कुठं, तेवरा सांगा."

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. दोन हजार वस्तीसाठी बांधलेल्या कार्यालयाने दहापट लोकांचा कचरा सांभाळायचा, आणि गायरान तर केव्हाच संपलेले. त्यांच्या लहानपणी घरोघरी उकिरडा होता. शेण, राख, भाजीची देठे, वर्षाअखेरीस खत होऊन शेतात. 'कचरा' हा शब्द त्या काळी केरासाठी वापरत आणि केर कुजत असे. आज ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या वित्त आयोगाच्या निधीतला मोठा हिस्सा पाणी आणि स्वच्छता यांसाठी बांधून दिलेला असतो. पण पैशाने गाडी येते, जागा येत नाही. शिवाय नव्या इमारतींतले निम्मे लोक ग्रामसभेला येत नाहीत, असे ते म्हणाले. आणि जे येतात ते पाण्याबद्दल बोलतात. कर वसुलीचे तर बोलूच नका. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोदा गावाने पूर्ण कर भरणाऱ्या कुटुंबाला दळण मोफत दिले आणि वसुलीचा प्रश्न सोडवला, हे मी त्यांना सांगितले. ते हसले. "आमच्याकं समदं पिठाच्या पिशव्या आनतान."

तेथून मी पुढे नेऱ्यापर्यंत गेलो. शांतिवनाच्या आवारात थोडा वेळ थांबलो. कुष्ठरोग्यांना जेव्हा गाव ठेवून घेत नव्हते तेव्हा त्यांच्यासाठी उभी राहिलेली ही संस्था. आज तेथे वृद्धांचाही निवास आहे. झाडाखाली तिघे म्हातारे गप्पा मारत होते आणि पायवाट स्वच्छ झाडलेली होती. नेऱ्यानंतर इमारती विरळ होतात, भाताची खाचरे लागतात, रस्त्याकडेला ठाकर बायका शेवळे-टाकळ्याच्या दिवसांत भाज्या घेऊन बसतात त्या जागा दिसतात. अगदी वर गाढेश्वरला पनवेल नगरपालिकेने बांधलेले देहरंग धरण आहे. जुने पनवेल पिढ्यान्‌पिढ्या हेच पाणी पीत आले. तेथे गाढी निवळशंख असते. त्याच नदीत दहा-बारा किलोमीटर खाली काकू हात जोडून पिशवी सोडत होत्या. आणि त्याच्याही खाली, नदी खाडीला मिळण्याआधी, माझे घर आहे.

परत आल्यावर केलेल्या गोष्टी लहान आहेत, परंतु घरी शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना त्या आजच उपयोगी पडतील.

माझ्या दवाखान्याचा वैद्यकीय कचरा नेण्यासाठी अधिकृत गाडी येते आणि सुयांसाठी पांढरा, न भोकसला जाणारा डबा असतो. मी इन्सुलिनच्या सर्व रुग्णांना सांगितले की घरच्या सुया मला आणून द्या. घरी त्यासाठी कपडे धुण्याच्या द्रावणाची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली ठेवावी. पाण्याची पातळ बाटली चालणार नाही, सुई तिच्यातून आरपार येते. सुई वाकवू नये, तोडू नये. पेनावरून काढताना तिचे बाहेरचे मोठे टोपण वापरावे आणि काढल्याबरोबर बाटलीत टाकावी. 'नंतर टाकू' म्हणून बशीत ठेवलेली सुईच घरातल्या कोणाला तरी टोचते. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळावी, वर ठळक अक्षरांत 'सुया' लिहावे आणि आपल्या डॉक्टरांना विचारून त्यांच्याकडे द्यावी. डॉक्टर नाही म्हणाले तर त्यांना हा लेख दाखवावा.

डायपरच्या बाबतीत: घट्ट मल आधी संडासात टाकावा. डायपर आतल्या बाजूने गुंडाळून त्याच्याच पट्ट्यांनी बंद करावा, वर्तमानपत्रात बांधावा आणि स्वयंपाकघराच्या कचऱ्यात न मिसळता वेगळा द्यावा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेने अशा पुडीवर लाल ठिपका काढण्याची रीत रुजवली. ठिपका पाहिला की उचलणारी पुडी उघडत नाही. यात खर्च काही नाही, लाल पेन लागते. दिवसा, कोणी सोबत असताना, जुन्या धोतराचे किंवा सुती साडीचे घडीचे धडपे वापरले तर डायपर निम्म्यावर येतात आणि त्वचेलाही हवा लागते. हे आमच्या आज्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. मात्र धडपे धुण्याचे काम कोणाच्या कमरेवर पडणार, याचा विचार करूनच हा सल्ला घ्यावा. सत्तरीच्या काकूंना मी तो दिलेला नाही.

मुदत संपलेल्या गोळ्या संडासात किंवा नदीत टाकू नयेत. पाऱ्याचा जुना थर्मामीटर फुटला तर झाडूने लोटू नये. खिडक्या उघडून, जाड पुठ्ठ्याने गोळा करून, बंद बाटलीत ठेवावा.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला मी काकूंच्या सोसायटीच्या चिटणीसांबरोबर गेलो. मी त्या गावचा मतदार नाही, म्हणून मागे बसलो. चिटणीसांनी एकच मागणी मांडली: लाल ठिपक्याची पुडी परत करू नये, आणि गाडीवरच्या माणसांना जाड हातमोजे व कावीळ ब ची लस द्यावी. जागेचा प्रश्न पुढच्या सभेवर गेला. हातमोजे आठवड्याभरात आले. लशीचे काम आरोग्य केंद्राशी बोलून होईल असे ठरले. पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा, असे तिचे वेळापत्रक असते आणि मधला डोस चुकवू नये, हे मी मागूनच उठून सांगितले. कोपऱ्यावरचे काळे वर्तुळ अजून आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांना मी संध्याकाळी साडेसहा ते साडेआठ मुलीकडे, रस्त्याच्या पलीकडच्या इमारतीत जाऊन बसायला सांगितले आहे. याला उपचार म्हणायची मला लाज वाटते.

घंटागाडीवरच्या बाईंच्या सहा आठवड्यांच्या तपासण्या निर्दोष आल्या, तीन महिन्यांच्याही आल्या. सहा महिन्यांची तपासणी माघात आहे. त्या अजून त्याच गाडीवर आहेत.

काकू गेल्या महिन्यात बाटली घेऊन आल्या. काकांना इन्सुलिन नाही, तेव्हा सुया कुठल्या, म्हणून मी झाकण उघडले. जिन्यात त्यांना बोललेल्या त्याच सभासदाच्या आईच्या सुया होत्या. द्यायला त्याला संकोच वाटत होता म्हणून काकूंकडे दिल्या होत्या. सुयांबरोबर त्याने आईच्या जुन्या गोळ्यांची पाकिटे, डोळ्यांच्या थेंबांच्या कुप्या आणि घड्याळाचे दोन सेलही कोंबले होते. चिमटा घेऊन मी आणि काकू ते वेगळे करत बसलो. बाहेर रुग्ण थांबले होते.